सात घरांचा फ्रीज

करपटेकवाडी, ता. वेल्हे
दि. १८ नोव्हेंबर २०२१

सौ. वर्षाआक्कास,
धाकट्या दत्ताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र पोचलं. एस.टी.चा संप मिटत नाही तोवर भाटघरहून तुझं येणं होत नाही हे आईला पटलं आहे, तरी रोज सकाळी ती खालच्या वाटेकडे एकदा बघतेच. आबांचा खोकला कमी आहे. तांबड्या शेळीला दोन करडं झाली. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण रेंजसाठी देवळामागच्या टेकाडावर चढावं लागतं आणि तिथं उभं राहून बोललेलं सगळी वाडी ऐकते. पुढचं वाडीनं ऐकू नये म्हणून लिहितो आहे.

घरकुलाची यादी आली. विंझरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी मंगळवारी आणि शुक्रवारी लोकांचे अर्ज भरायला बसतो, तिथंच ग्रामपंचायतीच्या शिपायानं ती तीन प्रती काढायला आणली. कागद यंत्रात घालता घालता मी आपली वाडी शोधली. सात घरांपैकी सहा पात्र. सातवं आपलं. आबांच्या नावापुढं लिहिलं आहे, अपात्र, कारण फ्रीज. तिन्ही प्रती मी सरळ काढल्या, एकही तिरकी गेली नाही. मग बाहेर पायरीवर बसलो.

तुला बघायला भाटघरचे पाहुणे आले तो दिवस आठव. आपल्या वाडीची रीतच आहे, मुलगी बघायला कोणी येणार असलं की सातही घरांतली चांगली वस्तू त्या एका घरात आणून मांडायची. धनाजीदादाच्या खुर्च्या आल्या, कोंडिबाआजांचा टीव्ही आला, आणि चिमाजीकाकांचा फ्रीज आला. खालच्या बंगल्याच्या पुणेकर मालकांनी नवा घेतला तेव्हा जुना काकांना दिलेला. तो गार करत नाही. रतनकाकू त्यात तांदूळ ठेवतात, उंदरांपासून वाचतो म्हणून. पण पुसला की पांढराशुभ्र दिसतो. आम्ही चौघांनी तो भिंतीशी लावला, पाहुणे बसले, आणि नेमका तेव्हाच घरकुलाचा सर्वेवाला दारात उभा राहिला.

त्यानं पाहुण्यांदेखत विचारलं की फ्रीज तुमचाच ना. आई काय म्हणणार. व्हय म्हणाली, आणि त्यालाही चहा घ्या म्हणाली. मग तो बाकीच्या सहा घरांत गेला. त्या घरांत त्या दिवशी बसायला पाटसुद्धा नव्हता, सगळं आपल्याकडे. सहा घरं गरीब ठरली आणि आपण श्रीमंत.

आणखी एक आहे, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. वर रेंज नसल्यामुळं सर्वेवाल्यानं माहिती मोबाइलऐवजी कागदावर लिहायला घेतली होती. त्याचं अक्षर बघून मला राहवलं नाही. मी म्हणालो, द्या, मी लिहून देतो. पाहुण्यांना दिसावं की मुलीचा भाऊ अकरावीत नापास झाला तरी अडाणी नाही. फ्रीज हा शब्द माझ्या हातचा आहे, आक्का. खाली आबांचा अंगठा आहे.

यंदाच्या पावसात आपला मागचा कूड पडला, हे तुला कळवलं नव्हतं. तिथं ताडपत्री बांधली आहे. आई-आबा आता शेळ्यांच्या अंगाला झोपतात. आणखी एक पावसाळा हे घर काही सोसायचं नाही.

१२ डिसेंबरला, रविवारी, विशेष ग्रामसभा आहे. हरकत असेल त्यानं तेव्हा पुरावा आणायचा. ग्रामसेवक साहेब म्हणाले की फ्रीज आमचा नाही एवढंच सांगून भागत नाही, मग कोणाचा ते लिहा. चिमाजीकाकांचं नाव लिहिलं की काका यादीबाहेर. म्हणून मी अर्ज तयार केला आहे की फ्रीज होता, पण मोडीत घातला. चारदा कच्चा लिहिला. पक्का करण्याआधी तुला विचारतो. खरं सांगायची मला दुसरीही भीती आहे. पाहुण्यांनी पसंत केलं ते घर उसनं नटवलेलं होतं, हे भाटघरला कळलं तर तुला कायमचं ऐकून घ्यावं लागेल. तिकडं कोणाला काही बोलू नकोस.

माझ्यावर लोभ आहे तो कमी करू नकोस, चूक माझी असली तरी.

तुझा,
दत्ता


भाटघर, ता. भोर
दि. २४ नोव्हेंबर २०२१

चि. दत्तास,
आक्काचे अ. उ. आ. वि. वि.

कूड पडला हे पाच महिने लपवलंस, त्याबद्दल आधी तुझा कान धरते. मग बाकीचं.

मोडीत घातला असं अजिबात लिहू नकोस. उद्या ते मोडीवाल्याची पावती मागतील, तू तीही सुंदर अक्षरात लिहून देशील, आणि एस.टी. बंद असताना आबांना तुरुंगात डबा पोचवायला मला चालत यावं लागेल. तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणी तू गूळ खाल्लास की आधी हात धुऊन यायचास आणि त्यावरूनच आई ओळखायची.

मला त्या दिवसाचं वेगळंच आठवतं. आईनं माठातलं पाणी तांब्यात भरलं, तांब्या फ्रीजमध्ये तांदळावर ठेवला, आणि पाहुणे आल्यावर फ्रीज उघडून काढला. यांनी पाणी प्यायलं आणि लई गार हाय म्हणाले. मी आत हसू दाबून उभी होते, ओठ चावून. तुझे दाजी स्वरूप अजून म्हणतात की तुमच्याकडच्या फ्रीजचं पाणी वेगळंच.

तुझी चूक काय आहे ते मला सापडलं नाही. आईची तर नाहीच. लेकीच्या पाहुण्यांपुढं तिनं मान वर ठेवली, एवढाच तिचा गुन्हा. गरिबानं गरीब दिसलंच पाहिजे, पाहुण्यांदेखतसुद्धा दिसलं पाहिजे, असा सरकारचा नियम असेल तर तो आपण पाळायचा नाही. मान खाली घालून मिळणारं घर मलाही नको वाटतं आणि आईलाही नको वाटेल. पण घर तर पाहिजेच. म्हणजे दुसरी वाट काढली पाहिजे.

एक काम कर. तुझ्याकडं यादी होती, तर खालच्या गावातलं कोण कोण पात्र आहे ते बघ. माणसं मला ठाऊक आहेत, घरंही ठाऊक आहेत.

सासूबाईंना अजून काही बोलले नाही. त्यांच्या नजरेतून उरलेली चतकोर भाकरीही सुटत नाही. मला थोडे दिवस दे. हे आईला वाचून दाखवताना एवढं वाक्य गाळ.

आई-आबांना माझा नमस्कार. लोभ आहे म्हणूनच रागावते, हे ध्यानात असू दे.

तुझी,
आक्का


करपटेकवाडी
दि. ३० नोव्हेंबर २०२१

सौ. वर्षाआक्कास,
दत्ताचा शि. सा. न. वि. वि.

मोडीचा अर्ज चुलीत घातला. चारही कच्चे.

यादी बघितली. रखमाजीशेठ पात्र आहेत. त्यांचं दुमजली घर रस्त्यावरून दिसतं, तुला माहीत आहे. सर्वेवाला आला तेव्हा त्यांनी त्याला मागच्या गोठ्याकडं नेलं आणि मी हितंच राहतो म्हणून गोठ्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतला. शिपायानंच हे हसत हसत सांगितलं. त्या गोठ्याचे पत्रे आपल्या घरापेक्षा धड आहेत. ज्यांना माडी आहे त्यांनी गोठा दाखवला, आणि आपल्याला गोठ्यात झोपायची वेळ आली तर आपण फ्रीज दाखवला.

पंचायतीत जाऊन मी कारकुनांना विचारलं की एक फ्रीज सात घरांत फिरत असेल तर तो कुठं लिहायचा. ते म्हणाले, आहे आणि नाही, असे दोनच रकाने आहेत, फिरतो असा रकाना वरून आलेला नाही.

आता वाडीलाही कळलं आहे. चिमाजीकाका स्वतःच यादी बघून आले आणि त्यांनी सगळ्यांना देवळापुढं बोलावलं. ते आबांकडं बघून म्हणाले, फ्रीज माझा हाय असं मी लिहून देतो, बाजीदादाचं घर होऊ दे. रतनकाकूंनी मान डोलावली, पण त्यांच्या डोळ्यांकडं मला बघवलं नाही. त्यांचंही छप्पर गळतं.

त्यावर धनाजीदादा म्हणाला की सातातली सहा आली, ती पदरात घ्या, उगी खाजवून खरूज कशाला काढायची, सातव्याचं पुढच्या यादीत बघू. तो वाईट नाही, आक्का. त्याचं पोर तीन महिन्यांचं आहे आणि पावसात वहिनी छत्री उघडून पाळण्यावर धरून बसायची, हे मी बघितलं आहे.

मग आई उभी राहिली. काकांना म्हणाली, भावजी, तुमचं छप्पर काढून माझ्या डोक्यावर घालणार असाल तर मी शेळ्यांतच बरी. धनाजीदादाला म्हणाली, बायको बघायला गेलास तवा माझ्या दत्ताचा निळा सदरा घालून गेलास, तो पुढच्या यादीत परत येणार हाय का. सगळे हसले. धनाजीदादा उठून निघून गेला.

काहीच ठरलं नाही. ठरलं एवढंच की ग्रामसभेत मी बोलायचं, कारण मला लिहिता येतं. लिहिणं वेगळं आणि बोलणं वेगळं, हे त्यांना कसं समजावू. परवा शेळ्यांपुढं बोलून बघितलं, तर दुसऱ्याच वाक्याला घसा सुकला. मी एक शब्द चुकीचा बोललो तर काकांचं घर जाईल, नाही बोललो तर आपलं. बारा दिवस उरले आहेत.

तुझ्या पत्राची वाट बघतो. लोभाबरोबर थोडा धीरही पाठव.

तुझा,
दत्ता


भाटघर
दि. ५ डिसेंबर २०२१

चि. दत्तास,
आक्काचे अ. उ. आ. वि. वि.

सासूबाईंना सांगितलं. हरभऱ्याची भाजी खुडत बसलो होतो. मी खाली बघून एका दमात सगळं बोलून टाकलं, फ्रीज, खुर्च्या, टीव्ही, सगळं. त्यांनी हातातली भाजी सुपात टाकली. मला वाटलं, झालं, आता माहेरचं नाव निघणार.

मग त्यांनी विचारलं की तो पांढरा फ्रीज, ज्याची वायर मागं गुंडाळून ठेवली होती, तोच ना. त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, दत्ता. तीन वर्षं पोटात ठेवलं. म्हणाल्या, मी हात लावून बघितला तर कोमट, पण तुझ्या आईनं तांब्या असा रुबाबात काढला की मी म्हटलं, ह्या बाईची लेक आपल्याला पायजेच.

आणि पुढं ऐक. आबा आमच्याकडं घर बघायला आले तेव्हा दारात दोन म्हशी होत्या ना. आबांनी एकीच्या पाठीवर हात फिरवून दूध किती देते म्हणून विचारलं होतं. ती म्हैस शेजारच्या आळीतली. सासूबाईंना तिचं दूध ठाऊकच नव्हतं, म्हणून त्यांनी घाईनं आबांना जेवायला बसवलं. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की सुपातली भाजी सांडली. हे रानातून आले तर दोघी बायका डोळे पुसतायत. यांना वाटलं कोणी गेलं.

म्हणजे माझी काळजी सोड. धोंडाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आईला निरोप दिला आहे की भर सभेत माझं नाव घ्या, भाटघरची विहीणबाई साक्षीला हाय म्हणून सांगा. एस.टी. चालू असती तर त्या स्वतःच आल्या असत्या.

माझं मत विचारशील तर कागद नेऊच नकोस. कागदावर त्यांचे दोन रकाने आहेत, तिथं आपण हरणार. त्या दिवशी चौघांनी मिळून फ्रीज आणलात, तसाच सगळ्यांनी मिळून तो ग्रामसभेत न्या. ते विचारतील कोणाचा, तर डोळ्यांनी बघू दे कोणाचा ते.

आणि घसा सुकला तर सुकू दे. तू हळू बोललास तर लोक पुढं वाकून ऐकतील. ओरडणारे तिथं पुष्कळ आहेत.

इकडं सगळ्यांचा तुझ्यावर लोभ आहे, आता तर उघड आहे.

तुझी,
आक्का


करपटेकवाडी
दि. १४ डिसेंबर २०२१

सौ. वर्षाआक्कास,
दत्ताचा शि. सा. न. वि. वि.

ग्रामसभा झाली. झालं तसं क्रमानं लिहितो, म्हणजे काही सुटायचं नाही.

सकाळी फ्रीज न्यायचा कसा हा प्रश्न आला, कारण आपल्या वाटेनं टेम्पो वर येत नाही. शेवटी झोळी काढली. आजारी माणसाला खाली दवाखान्यात नेतो तीच, दोन वर्षांपूर्वी आबांना नेलं ती. तिच्यात फ्रीज आडवा बांधला आणि बांबू खांद्यावर घेतला. तांदूळ आतच राहिला, कारण रतनकाकू म्हणाल्या की बघणाऱ्यांनी सगळंच बघावं.

निघताना धनाजीदादा आला. त्यानं माझ्या हातात निळा सदरा दिला. धुतलेला, घडी घातलेला. हा घालून बोल, एवढंच म्हणाला आणि बांबूच्या पुढच्या टोकाखाली जाऊन उभा राहिला. वाटेत मात्र त्याची बडबड सुरू झाली. सहाही जणांना त्या दिवशी घरकुलाच्या संमतीच्या कागदावर अंगठे करायचे होते. तोच म्हणाला की सातवा कागद टेबलावर येईपर्यंत आपण कोणीच अंगठा करायचा न्हाई. त्याच्या तोंडून हे निघालं म्हटल्यावर बाकीच्यांना विचार करायचं कारण उरलं नाही.

झोळी पंचायतीपुढं उतरवली तेव्हा लोकांना वाटलं माणूस आहे. सगळे धावले. ग्रामसेवक साहेबांनी पाण्याचा तांब्या आणवला. मग फ्रीज निघाला.

साहेबांनी विचारलं की हा नेमका कोणाचा. मी बोललो, आक्का. आवाज बारीक होता आणि तू म्हणालीस तसे पुढचे लोक खरंच वाकले. मी वाडीची रीत सांगितली, तुझ्या बघण्याचा दिवस सांगितला, धोंडाबाईंची साक्ष सांगितली. त्यांची उसनी म्हैसही सांगितली, त्यासाठी त्यांची माफी माग. शेवटी सांगितलं की तो कागद माझ्या हातचा आहे आणि तेव्हा पाहुण्यांदेखत घरात वस्तू आहे असं लिहिताना मला बरं वाटलं होतं. हे बोलायचं ठरलेलं नव्हतं.

चिमाजीकाकांनी फ्रीज उघडला. आत तांदळाची गोणी आणि रतनकाकूंचं फुलपात्र. सभा हसली, पण ते हसणं आपल्यावरचं नव्हतं.

रखमाजीशेठ मागून म्हणाले की उद्या सगळेच अशी सोंगं घेऊन येतील, मग खऱ्या गरिबांनी कुठं जायचं. आई वळली. तिनं शांतपणे विचारलं की शेठ, तुमी गोठ्यात राहता असं फोटोत दिसतं, मग म्हशी माडीवर चढतात कशा, जिना सोसतो का त्यांना. त्यानंतर शेठ तिथं बसलेले मला दिसले नाहीत.

टेबलावर सहा संमतीचे कागद आणि उघडी शाईची डबी. साहेब एकेकाचं नाव पुकारत होते. एकेकजण पुढं जायचा, नमस्कार करायचा आणि सातवा कागद आला का म्हणून विचारून परत जागेवर यायचा. सहाही जण. चिमाजीकाकांच्या घरच्या नावाला रतनकाकू गेल्या, त्याही परत आल्या. डबीतली शाई सुकत चालली तसं साहेब म्हणाले की माझ्या हातात फक्त शिफारस आहे, निर्णय वर होतो. सरपंचबाई म्हणाल्या, मग शिफारस तरी लिहा. साहेबांनी वही माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, पहिला कागद तूच लिहिलास, आता हाही लिही.

मी लिहिलं: करपटेकवाडीत घरं सात, सातही कुडाची. फ्रीज एक, बंद. ज्या दिवशी ज्या घरी पाहुणे, त्या दिवशी त्या घरचा. सातही घरं पात्र धरावीत, नाहीतर सातही वगळावीत. खाली सात घरांचे अंगठे घेतले. संमतीच्या कागदांवर मात्र एकही नाही.

परत निघताना फ्रीज न्यायचा होता. रतनकाकूंनी तांदूळ काढून घेतला. आम्ही झोळी पसरली, तर आई म्हणाली राहू दे हितंच. साहेब म्हणाले, बाई, तुमची वस्तू घेऊन जा. ती म्हणाली, तुमच्या यादीत ती माझ्या नावावर हाय, आधी नाव काढा, मग नेऊ. रिकामी झोळी खांद्यावर टाकून सगळे वर आलो. फ्रीज पंचायतीच्या व्हरांड्यात आहे.

त्या रात्रीपासून मला भीती वाटते आहे, आक्का. वरून नाही म्हणाले तर सहा घरं आमच्यापायी गेली. सदरा अजून अंगातच आहे. लोभ राहू दे.

तुझा,
दत्ता


भाटघर
दि. २१ डिसेंबर २०२१

चि. दत्तास,
आक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी सासूबाईंना दोनदा वाचून दाखवलं, आणि यांनी भोरच्या बाजारात किती जणांना सांगितलं त्याची गणती नाही. म्हशीबद्दल माफी नको आहे. सासूबाई म्हणतात, माझी म्हैस वेल्ह्याच्या सभेत गाजली, दूध किती देते ते मात्र अजून कळलं न्हाई.

भीती वाटते तर वाटू दे, ती घरात सांभाळ, वाडीला दाखवू नकोस. तुमच्यापायी सहा घरं गेली असं म्हणू नकोस. अंगठा न करणं हे त्यांनी ठरवलं, तेही धनाजीनं. त्यांचा मोठेपणा तू आपल्या नावावर लिहून घेऊ नकोस, तेवढं एक लिहिणं सोड.

रतनकाकूंच्या तांदळासाठी झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवला आहे, एस.टी. सुरू झाली की आणते. लोभ किती ते डब्यावरून ओळख.

तुझी,
आक्का


करपटेकवाडी
दि. ५ जानेवारी २०२२

सौ. वर्षाआक्कास,
दत्ताचा शि. सा. न. वि. वि.

वरून अजून उत्तर नाही. पण काल पंचायतीचा शिपाई धापा टाकत वाडीत आला आणि नोटीस देऊन गेला. फ्रीजमुळं व्हरांड्यात अडचण होते, तरी तो सात दिवसांत उचलून न्यावा. खाली साहेबांची सही आणि शिक्का. आबा म्हणाले, आता जप्त करतील. मी नोटीस हातात घेतली आणि माझ्या सवयीप्रमाणं पहिल्या ओळीपासून वाचली. वर लिहिलं आहे: प्रति, सर्व रहिवासी, करपटेकवाडी. विषय: आपल्या सामाईक मालकीचा फ्रीज हलवणेबाबत.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग मोठ्यानं वाचली. धनाजीदादानं परत वाचायला लावली.

पुरावा आणा म्हणाले होते. तो त्यांनीच पाठवला, शिक्क्यासकट. काल विंझरला जाऊन मी नोटिशीच्या सात प्रती काढल्या, एकेका घराला एक. आणखी एक, आठवी प्रत काढून ती सातही घरांच्या अर्जाला जोडून तालुक्याला रजिस्टरनं पाठवली. अर्ज एकदाच लिहिला, कच्चा केला नाही.

नोटिशीलाही उत्तर दिलं आहे. आपली नोटीस मिळाली, आभारी आहोत, सात घरांचा फ्रीज सात घरं मंजूर झाली की सातही घरं मिळून नेतील, तोवर दार घट्ट लावून ठेवावं, उंदीर जातात. शेवटचं आईनं सांगितलं म्हणून लिहिलं. ती रोज विचारते की शिपाई त्यात पाण्याचा तांब्या ठेवतो का.

ताडपत्री परवा नव्यानं ताणून बांधली, सगळी वाडी आली होती. पावसाला पाच महिने आहेत. एस.टी. सुरू झाली की ये, आणि येताना विहीणबाईंनाही आण. त्यांना बसायला धनाजीदादाची खुर्ची येईल, आणि या वेळी ती धनाजीदादाचीच आहे म्हणून सांगू. लोभ आहे तो घेऊनच ये, इथं ठेवायला जागा होईल.

तुझा,
दत्ता